इस्त्री न लागणारा शर्ट: दोन रंग, पाच इंटरव्ह्यू

कपड्यांतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगते. मी टेस्टर आहे. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्यात गेली, मग घरच्या आजारपणात पाच वर्षं नोकरी सुटली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा इंटरव्ह्यू द्यायला उभी राहिले. कपाट उघडलं तर ऑफिसचे निम्मे कपडे अंगाला होईनात. उरलेले होत होते, पण आरशात पाहिल्यावर वाटलं, ही बाई फाइल घेऊन कुठल्यातरी काउंटरसमोर रांगेत उभी राहणार आहे.

म्हणून हा शर्ट घेतला. बायकांचा, पूर्ण बाह्यांचा, शंभर टक्के कॉटन, आणि लेबलवर 'नॉन-आयर्न'. आधी फिकट निळा, नंतर तोच गडद निळ्यात. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या बहुतेक तक्रारी या जातीच्या कापडाबद्दलच आहेत, आणि शिलाईबद्दल ज्या आहेत त्या कुठलाही शर्ट घेताना तपासता येतात. सात महिने वापरून लिहितेय.

खरेदीआधी धाकट्या भावाला फोन केला होता. तो याच धंद्यात आहे, आता स्वतः इंटरव्ह्यू घेतो. "ताई, टीशर्ट घाल आणि जा. कोण बघतंय? झुकरबर्ग बघ."

झुकरबर्गला कुणाकडे नोकरी मागायला जायचंय? फेसबुकचा हा संस्थापक करड्या टीशर्टात असायचा हे खरं. रोज काय घालायचं यात डोकं घालवायचं नाही, असं कारणही त्याने २०१४ मध्ये लोकांसमोर सांगितलं होतं. पण २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे बसून उत्तरं द्यायची वेळ आली तेव्हा हाच माणूस गडद सूट, पांढरा शर्ट आणि टाय लावून गेला. प्रश्न विचारणारा काय घालतो हा एक हिशेब, आणि ज्याला उत्तरं द्यायचीत त्याचा वेगळा. हे भावाला ऐकवलं. तो म्हणाला, "बरं मग सूट घाल. सूट घातला म्हणून आम्ही कुणाला नापास करत नाही. फक्त तो माणूस दर पाच मिनिटांनी गळ्याशी बोट घालत असतो, आणि आम्हाला त्याचीच दया येते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रिक्रूटरच्या ईमेलमध्ये 'बिझनेस कॅज्युअल' असं लिहून आलं होतं. हे दोन शब्द म्हणजे कसलीच अट न लिहिलेली रिक्वायरमेंट. या शब्दांचा इतिहासही गमतीचा आहे. १९९२ साली लीवाय स्ट्रॉस कंपनीने अमेरिकेतल्या हजारो एचआर मॅनेजरांना ऑफिसात साधे कपडे कसे घालावेत याची पुस्तिका पाठवली. डॉकर्स नावाच्या खाकी पँटी तिला विकायच्या होत्याच. म्हणजे ज्या नियमाला आपण एवढं घाबरतो, त्याच्या प्रसारामागे एका पँट विकणाऱ्याचा मोठा हात आहे.

मी उलट ईमेल करून विचारलं की नेमकं काय घालू. उत्तर आलं, तुम्हाला कम्फर्टेबल वाटेल ते. आता मला कम्फर्टेबल वाटतो तो घरातला सात वर्षांचा गाऊन. दुसऱ्या कंपनीच्या वेळी प्रश्न बदलला. फोनवरच विचारलं, "तुमच्या टीममधले लोक आज काय घालून आलेत?" ती बाई क्षणभर गप्प झाली, बहुतेक मान वर करून बघत असावी, आणि म्हणाली, "दोघं टीशर्टात, एकजण हूडीत, मॅनेजरने शर्ट घातलाय." झालं! एवढंच हवं होतं. त्यांच्यातल्या सगळ्यात नीटनेटक्या माणसाच्या जवळपास आपण असावं, असा माझा हिशेब ठरला. आणि मॅनेजरचा शर्ट म्हणजे माझाही शर्ट. (ग्राहकांपुढे उभं राहायची नोकरी असेल, विक्रीची किंवा सल्लागाराची, तर वर एक जॅकेट चढवा. मला त्याचा अनुभव नाही, भावाचं म्हणणं आहे.)

साधाच शर्ट का, रेघांचा का नाही, याचीही एक गोष्ट आहे. पहिला इंटरव्ह्यू व्हिडिओवर होता, आणि तो मी कपाटातल्या जुन्या, बारीक रेघांच्या शर्टात दिला. दहा मिनिटांनी समोरचा म्हणाला, "सॉरी, तुमचा कॅमेरा हलतोय का?" हलत नव्हता. माझा शर्ट हलत होता. रेघा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या टिंबांच्या जाळीपेक्षा बारीक झाल्या की त्या दोन्हींच्या मेळातून तिसरीच नक्षी तयार होते, पाण्यावरच्या तरंगांसारखी. तिला मॉयरे म्हणतात. मी श्वास घेतला की छातीवर इंद्रधनुष्य सरकत होतं. छोट्या चौकटीत स्वतःला बघताना मलाही ते दिसत होतं, पण मी ते नेटवर्कवर ढकललं होतं. टेस्टर असून! त्या दिवशी मी रिग्रेशन टेस्टिंगवर (म्हणजे नव्या बदलाने जुनं काही मोडलं नाही ना, हे तपासण्यावर) अर्धा तास बरं बोलले असेन, पण समोरचा माणूस माझ्या पोटाकडे बघत होता.

तेव्हा व्हिडिओसाठी एकरंगी कापड. पांढरंशुभ्र नको, कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळंकुट्ट असेल तर उलटं, चेहरा पिठूळ दिसतो. पाठीमागे खोटी पार्श्वभूमी लावणार असाल तर तिच्या रंगाचा शर्ट नको, नाहीतर नुसतं मुंडकं तरंगतं. फिकट निळा या सगळ्यातून सुटतो, म्हणून तो घेतला. दुसरा इंटरव्ह्यू त्यात व्हिडिओवरच झाला आणि पडद्यावर शर्ट उत्तम दिसला. कॉलर उभी राहिली, गळ्याशी घड्या नाहीत, रंग शांत. व्हिडिओपुरतं परीक्षण लिहायचं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

आता कापडाबद्दल. पाकिटातून काढल्यावर शर्टाला एक वास येतो, किंचित तिखट, नव्या प्लायवुडची आठवण करून देणारा. तो कुठून येतो हे वाचलं तेव्हा या शर्टाबद्दल थोडा आदर वाटायला लागला. कापूस चुरगळतो याचं कारण त्याच्या तंतूतल्या सेल्युलोजच्या साखळ्या. त्या एकमेकींना हलकेच धरून असतात. ओल आणि दाब मिळाला की पकड सुटते, साखळ्या सरकतात आणि वाळताना असतील तशा पुन्हा धरून बसतात. तीच सुरकुती. नॉन-आयर्न कापडात रेझिन, म्हणजे राळेसारखं एक रसायन, मुरवून, तापवून या साखळ्यांमध्ये पक्के सांधे घालतात, मग त्या सरकत नाहीत. ज्या रसायनशास्त्रज्ञांच्या कामावर हे उभं आहे त्यांत रूथ बेनेरिटो यांचं नाव वरचं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्समधल्या प्रयोगशाळेत त्यांनी कापसावर काम केलं, नावावर ५५ पेटंट होती, आणि २००२ मध्ये त्यांना लेमेल्सन-एमआयटी जीवनगौरव पुरस्कार मिळाला. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी इस्त्री तापायची वाट न बघता आपण उत्तरांची उजळणी करू शकतो, ती त्यांच्यासारख्यांमुळे.

वासाचं कारण म्हणजे या रेझिनमधून सुटणारं थोडं फॉर्मल्डिहाइड, एक उग्र वासाचा वायू. म्हणून नवा शर्ट तसाच अंगावर चढवू नका. एकदा, शक्यतो दोनदा धुऊन मग घाला. माझी मानेची कातडी जरा नाजूक आहे. मी एकदा धुतला होता, तरी पहिल्या दिवशी कॉलरखाली चुणचुणलं. दुसऱ्या धुण्यानंतर नाही.

या सांध्यांची किंमत शर्ट दोन ठिकाणी मोजतो. धागा थोडा कमजोर होतो, आणि घाम कमी शोषतो. दुसरी गोष्ट मला तिसऱ्या इंटरव्ह्यूत कळली.

तो प्रत्यक्ष होता. छोटी खोली, समोर दोघं, भिंतभर व्हाइटबोर्ड. टेस्ट ऑटोमेशनची, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणारे प्रोग्राम लिहिण्याची जागा असल्याने कोड लिहायचा होता. बायनरी ट्री म्हणजे उलटं झाड, मूळ वर आणि प्रत्येक गाठीखाली जास्तीत जास्त दोन गाठी. त्यातले आकडे पातळीप्रमाणे छापायचे, एवढंच. हातात मार्कर घेऊन उठले आणि हात वर करणार तोच काखेत गार लागलं. बघायची गरज नव्हती. फिकट निळा रंग भिजला की गडद निळा होतो आणि कडेला नकाशासारखी रेघ उठते. कापड ओलं झालं की धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं आणि उजेड परतायचा कमी होतो, इतकंच कारण आहे. पण ते कारण त्या क्षणी काही कामाचं नव्हतं.

कोपर बरगडीला चिकटवून मी झाडाचं मूळ काढलं. छातीच्या उंचीवर. आता ज्यांनी हे झाड काढलंय त्यांना ठाऊक आहे की ते खाली वाढतं. दुसरी पातळी पोटाशी आली. तिसरी मांडीशी. चौथ्या पातळीच्या आठ गाठी लिहायला मी उकिडवी बसले. मागून आवाज आला, "वर बरीच जागा आहे."

"हो, दिसतेय," मी म्हटलं. आणि खालीच लिहीत राहिले.

कोड चालला असता. पण त्यांनी शेवटी विचारलं, झाड रिकामंच असेल तर? माझा कोड तिथे कोसळत होता. रिकामा इनपुट! ही टेस्टरची बाराखडी. चौदा वर्षं मी हाच प्रश्न इतरांना विचारून त्यांचा जीव खाल्ला. त्या दिवशी माझं अर्धं डोकं काखेत होतं. नकार दोन दिवसांनी आला, त्यात शर्टाचा उल्लेख अर्थातच नव्हता.

घरी आल्यावर मात्र शर्टावर राग काढला नाही, कारण मीच त्याची नीट चाचणी घेतली नव्हती. दुकानात आरशासमोर सरळ उभं राहून 'छान आहे' म्हणणं म्हणजे डेव्हलपरने स्वतःच्या मशीनवर चालवून बघणं. इंटरव्ह्यूत माणूस सरळ उभा कुठे असतो? मग तोच शर्ट गडद निळ्या रंगात घ्यायला गेले तेव्हा ट्रायल रूममध्ये सगळं केलं. दोन्ही हात डोक्यावर. उजवा हात भिंतीवर शक्य तितका उंच, तिथे बोटाने चार ओळी लिहिल्यासारखं. वळून मागच्या माणसाशी बोलल्यासारखं. खाली बसून पुढे झुकणं, लॅपटॉपकडे बघितल्यासारखं. बाहेर उभी असलेली विक्रेती म्हणाली, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

ठीक नव्हतं, दोन गोष्टी सापडल्या. हात वर केला की शर्ट कमरेतून सुटतो. माझ्या नेहमीच्या साइझमध्ये चार बोटं वर यायचा, एक साइझ मोठा घेतला तर दोन. मोठा घेऊन कमरेला थोडा आत घेतला. आणि बसून पुढे झुकलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणामध्ये फट पडते. ही बायकांच्या शर्टांची जुनी खोड. त्या दोन बटणांच्या मध्ये आतून एक टिचबटण लावलं तर काम भागतं. कंपनीनेच ते का लावू नये हे मला अजून समजलेलं नाही. खिसा तर नाहीच. एक खोटी पट्टी शिवून ठेवलीय खिशाच्या जागी, तिच्यात बोटसुद्धा जात नाही.

खिशाचा प्रश्न पाचव्या इंटरव्ह्यूत पुढे आला. रिसेप्शनवर पाहुण्याचा बॅज मिळाला, क्लिपचा. पुरुष तो खिशाला लावतात. मी बटणपट्टीला लावला. बॅजच्या वजनाने पट्टी ओढली गेली आणि टिचबटण सुटलं. बाथरूममध्ये जाऊन बॅज पँटच्या पट्ट्याच्या लूपला अडकवला. मग दिवसभर जो भेटेल त्याची नजर नाव वाचायला कमरेकडे जात होती. पुढच्या वेळी गळ्यात घालायची साधी दोरी पर्समध्ये ठेवली.

पण गडद निळ्याने त्या दिवशी खरंच साथ दिली. चार फेऱ्या, साडेपाच तास, मधे एकदा जिने चढून दुसऱ्या मजल्यावर. घाम आलाच, रंगाने तो पोटात घातला. बोर्डवर मी शक्य तितक्या वरून सुरुवात केली, मुद्दाम. तिसऱ्या फेरीतल्या खोलीत एसी इतका गार होता की समोरच्याने हूडीची टोपी चढवली होती. बिनअस्तराचं पातळ जॅकेट मी सोबत ठेवलं होतं, ते कामी आलं. नॉन-आयर्न कापड गार खोलीत गार लागतं आणि गरम खोलीत गरम, हे लिहून ठेवा. संध्याकाळी पाठीला आडव्या दोन चुण्या होत्या, बाकी शर्ट सकाळसारखा. 'नॉन-आयर्न' म्हणजे 'सुरकुती नाहीच', हा दावा खोटा आहे. 'सुरकुती कमी, आणि पडली तरी टांगल्यावर रात्रीत बरीच जाते' असं लिहायला हवं होतं.

एक डाग मात्र गेला नाही. चौथ्या इंटरव्ह्यूत बोर्ड पुसायचं डस्टर सापडेना म्हणून चुकीची ओळ मनगटाने पुसली, आणि कफ हिरवा झाला. बोर्डवरून ही शाई बोटाने निघते म्हणून कापडावरूनही निघेल असं वाटतं. बोर्ड गुळगुळीत असतो, शाई वरवर बसते. कापडात ती धाग्यात शिरते. सॅनिटायझरच्या स्पिरिटने फिकी झाली, गेली नाही. आता तो कफ मी एक घडी दुमडूनच घालते. भाऊ म्हणतो दुमडलेली बाही जास्त बरी दिसते, काम करायला आल्यासारखी. असेल.

धुण्याचं थोडक्यात. पिळायचा नाही. मशीनमधून किंचित ओलसर असतानाच काढून रुंद हँगरला लावायचा, बटणपट्टी आणि कॉलर हाताने खाली ओढायची. मशीनमध्ये तासभर विसरलात तर रेझिन वगैरे सगळं विसरा, इस्त्री घ्या. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको. पंचवीसेक धुण्यांनंतर माझ्या गडद निळ्याच्या कॉलरच्या कडेला पांढुरकी झाक आलीय, आणि कफाची कड विरायला लागलीय. कमजोर झालेला धागा तो हाच. रोज ऑफिसला घालायला घेत असाल तर दीड वर्षापुढे टिकेल असं वाटत नाही. पाच-सहा इंटरव्ह्यूंसाठी घेत असाल तर भरपूर टिकेल, आणि तेवढ्यात नोकरी लागावी.

मला सहाव्यात लागली. त्या दिवशीही गडद निळाच होता, पण खरं सांगायचं तर त्या इंटरव्ह्यूतलं शर्टाबद्दलचं मला काहीच आठवत नाही, म्हणून लिहायलाही काही नाही. रिकाम्या इनपुटचा प्रश्न मात्र मीच आधी काढला, एवढं आठवतंय.

गडद निळ्याला पाचपैकी साडेतीन. एक तारा खिशाचा आणि टिचबटणाचा कापला, अर्धा त्या 'सुरकुती नाहीच' वाल्या दाव्याचा. फिकट निळ्याला व्हिडिओसाठी पाच आणि व्हाइटबोर्डसाठी एक, सरासरी काढू नका. घ्यायचाच असेल तर गडद, नेहमीपेक्षा एक साइझ मोठा, आणि ट्रायल रूममध्ये हात वर करायला लाजू नका. फिकट निळा सध्या भिंतींना रंग देताना घालते. चिकट रंगाचे थेंब आहेत जागोजागी, पण सुरकुती नाही.